घाटांतील निळा धूर

महाबळेश्वराचा इतिहास सांगतांना सर जॉन माल्कम, १८२८ च्या सुमारास वसलेलें माल्कमपेठ आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांचा उल्लेख हटकून होतो. ज्या वाहनांनीं हें थंड हवेचें ठिकाण मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या आटोक्यांत आणलें, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. वाठार स्टेशनावर आगगाडींतून उतरावें, टांग्यानें वाई गांठावी आणि मग पसरणीचा घाट चढावा, हा जुना क्रम होता. विसाव्या शतकांत टांग्याची जागा मोटारीनें घेतली, आणि घाटाच्या वळणांवर जळक्या तेलाचा वास येऊं लागला.

हा वास कोठून येतो? एंजिनाच्या सिलिंडरांत पिस्टन सारखा वरखालीं होत असतो. तापल्यावर धातु फुगतो, म्हणून दोहोंमध्यें थोडी फट ठेवणें भाग असतें. ती फट बुजविण्याची युक्ति जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-एंजिनियरानें १८५० नंतरच्या दशकांत वाफेच्या एंजिनासाठीं काढली. एके ठिकाणीं छेद दिलेलें व स्वतःच्याच ताणानें बाहेर दाबलें जाणारें धातूचें कडें, एवढीच ती युक्ति. परंतु मोटारीच्या एंजिनांतील रिंग ही त्याच कड्याची वंशज होय. वरच्या रिंगा ज्वलनाचा दाब अडवितात, तर खालची रिंग भिंतीवरील जादा तेल खरवडून परत खालीं पाठविते. गाडी पुष्कळ धांवली म्हणजे रिंगांचा ताण जातो, सिलिंडर झिजून किंचित् लंबगोल होतो, आणि तेल वर चढून पेट्रोलाबरोबर जळूं लागतें. तेलाला दुसरीही एक वाट असते. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळींत सरकते ती नळी, म्हणजे गाइड, सैल झाली कीं तिच्यांतून तेल वरून झिरपतें. एक वाट खालची, एक वरची. मिस्त्र्याचें सारें निदान या दोन वाटांभोंवतीं फिरतें.

घाटानें हा रोग लौकर उघडकीस आणला. महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट उंच. तेथून आंबेनळीचा घाट, ज्याला गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांचें नांव मिळालें होतें, प्रतापगडाच्या बाजूनें पोलादपुरापर्यंत सुमारें ४० किलोमीटर उतरत जातो. जुन्या मोटारींना चारही चाकांस ड्रम ब्रेक असत. सतत दाबून धरल्यास ते तापत व त्यांची पकड सुटे. म्हणून शहाणा चालक खालच्या गिअरमध्यें गाडी उतरवी व एंजिनालाच तिचा वेग आवरावयास लावी. पण अशा वेळीं पेट्रोलाचा पाय सुटलेला असतो, कार्बुरेटरची झडप मिटलेली असते आणि चाकें मात्र एंजिन वेगानें फिरवीत असतात. हवा आंत येत नाहीं, आंत ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीनें सैल गाइडांतून तेल खेंचलें जातें. पायथ्याशीं पुन्हां पेट्रोल दिलें कीं मागें निळा लोट उठतो. तेल व पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें गाडी न्यूट्रलमध्यें सोडून देणारेही चालक असत. त्यांचें थोडें तेल वांचे. परंतु प्रवाशांचा जीव एकट्या ब्रेकवर टांगलेला राही. पावशेर तेलासाठीं एवढी जोखीम घेणें हा हिशेब कोणत्याही काळीं आंतबट्ट्याचाच.

या घाटांत पुढें ज्या गाड्या वर्षानुवर्षें राबल्या, त्यांत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट अग्रगण्य होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं ही कंपनी स्थापिली. तिची १,०८९ घनसेंटिमीटरची फियाट १९७० नंतरच्या दशकांत ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. नवी गाडी दुर्मिळ व महाग असल्यानें एकाच एंजिनाचें दोनतीनदां पुनरुज्जीवन करणें हा त्या काळचा रिवाजच होता. त्यांत महाबळेश्वराची तांबडी जांभ्याची धूळ! हवेची जाळी फाटकी असली तर ती धूळ आंत जाऊन सिलिंडराला कानशीसारखी घांसते.

धुराचा रंग हें निदानाचें पहिलें साधन. तरी येथें उंचीवर फसगत होण्याचा संभव असतो. विरळ हवेंत कार्बुरेटरचें मिश्रण पेट्रोलानें जड होऊन धूर काळा पडतो. तेथें तेलाचा दोष नसतो. गारठ्याच्या सकाळीं निघणारी पांढरी वाफ ही बहुधा निव्वळ पाण्याची असते व एंजिन तापल्यावर नाहींशी होते. निळा धूरच काय तो तेलाचा. तो उतार संपतांच किंवा रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच दिसला, तर संशय गाइड व सील यांवर घ्यावा. चढावर, भार असतांना, तो सतत येत असेल तर रिंगांवर. खात्रीसाठीं सिलिंडरचा दाब मोजतात. कमी भरल्यास आंत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतात. दाब चढला तर फट रिंगांपाशीं आहे, कारण त्या तेलानें ती क्षणभर बुजली. अर्थात् या सर्वांच्या आधीं गाडीखालीं रात्रीं एक कागद पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर डाग पडलेले असतील तर सारें तेल जळत नसून कांहीं गळत आहे, हें बिनखर्चानें कळतें.

उपायांचाही क्रम आहे. तेल पट्टीवरील वरच्या खुणेच्या वर कधींही भरूं नये. जादा तेल फेसाळून उडतें व जळतें. एंजिनाच्या पोटांतील वाफा बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल तर ती साफ करावी, कारण कोंडलेला दाब तेलाला वर ढकलतो. दाट तेल घातल्यानें धूर कमी होतो, झीज मात्र भरून येत नाहीं. थंडींत तें पातळ तेलाइतकें चटकन वर चढत नाहीं, हा तोटा वेगळाच. सील बदलणें स्वस्त, गाइड बदलणें त्याहून महाग, आणि सिलिंडर कातून मोठ्या मापाचे पिस्टन बसविणें सर्वांत महाग. घाटांत भाड्याची गाडी चालविणाऱ्यास शेवटचें काम म्हणजे कित्येक दिवसांची कमाई बुडणें. उन्हाळ्याच्या हंगामांत एंजिन उतरविणें परवडण्यासारखें नव्हे. धो धो पावसांत प्रवासी ओसरल्यावरच त्याला हात लावणें सोयीचें. तोंवर तेलाचा डबा सोबत बाळगून, दर फेरीस पट्टी पाहून, आणि उताराच्या सरळ टप्प्यांवर मधून मधून पेट्रोलाला हलका पाय लावून आंतील ओढ कमी करीत दिवस काढावे लागत.

१७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणी प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. मुंबईंतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. हौसेनें सांभाळलेली एखादी जुनी पद्मिनी पसरणीच्या वळणावर आजही भेटूं शकते, आणि तिचा मालक नवें एंजिन बांधून घेतल्यावर पहिले कांहींशें किलोमीटर वाईच्या सपाटीवर हलक्या हातानें चालवूनच तिला घाट दाखवितो. कारण नव्या रिंगा नव्या भिंतीशीं घांसून नीट बसल्यावांचून तेल अडवीत नाहींत.