तेरा जणांनी घडवलेली भाषा

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

१९६० सालच्या जानेवारी महिन्यात पॅरिसमध्ये एक छोटी परिषद भरली. ११ ते १६ जानेवारी असे सहा दिवस ती चालली. हजर होते अवघे तेरा जण. सहा अमेरिकेचे आणि सात युरोपातले. खरं तर चौदा यायचे होते. पण अमेरिकेचे सातवे प्रतिनिधी विल्यम टुरान्स्की यांचा परिषदेच्या थोडंच आधी मोटारीखाली सापडून मृत्यू झाला. उरलेल्या तेरा जणांनी सहा दिवसांत जे काम केलं, त्याचा अहवाल पुढे टुरान्स्की यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला.

हे तेरा जण एक भाषा ठरवायला बसले होते. ही भाषा माणसांनी एकमेकांशी बोलायची नव्हती, तर संगणकाला कामं सांगण्यासाठी लिहायची होती. तिचं नाव अल्गोल. आज अल्गोलमध्ये काम करणारा माणूस क्वचितच सापडेल. पण आज जगभर ज्या भाषांत सॉफ्टवेअर लिहिलं जातं, त्यांतल्या बहुतेकींच्या कुंडलीत अल्गोलचं नाव निघतं. म्हणून या परिषदेची हकिकत सांगण्यासारखी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५०च्या दशकात जगात संगणक मोजकेच होते आणि प्रत्येकाची आज्ञा घेण्याची तऱ्हा निराळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेलं गणित दुसऱ्या यंत्राला कळत नसे. आपल्याकडे १९५६ सालचा मापांचा कायदा येण्यापूर्वी शेर आणि मण गावागणिक बदलत असत, तसाच हा प्रकार. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीने फोरट्रान ही भाषा आणली. सूत्रं जवळपास गणितात लिहितात तशीच लिहायची, यंत्राच्या आज्ञांत त्यांचं रूपांतर यंत्रच करील, अशी ती सोय होती. तिचा प्रमुख शिल्पकार होता जॉन बॅकस. भाषा उत्तम चालली; पण ती एका कंपनीची आणि तिच्याच यंत्रासाठी होती. उद्या सगळ्या जगाने गणित लिहायचं ते एका कंपनीच्या भाषेत लिहायचं का, हा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना पडला आणि अमेरिकेतल्या काही जणांनाही पडला.

जर्मनीतल्या उपयोजित गणिताच्या संस्थेने १९५७ मध्ये अमेरिकेतल्या संगणक संघटनेला पत्र पाठवलं : आपण मिळून एक भाषा करू, ती कोणत्याच यंत्राची नसेल. त्यातून १९५८च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक इथे चार जर्मनभाषक युरोपीय आणि चार अमेरिकन असे आठ जण भेटले. तिथे पहिला आराखडा तयार झाला.

त्या बैठकीतला एक प्रसंग अ‍ॅलन पर्लिस या अमेरिकन प्रतिनिधीने पुढे वीस वर्षांनी सांगितला. वाद होता दशांश चिन्हाचा. अमेरिकन माणूस तीन पूर्णांक चौदा शतांश लिहिताना टिंब देतो, जर्मन माणूस स्वल्पविराम देतो. आपण इंग्रजी अमलात शिकल्यामुळे टिंब देतो, आणि दुसरं काही असू शकतं हे आपल्या गावीही नसतं. झुरिकमध्ये मात्र यावरून गाडी अडली. एका युरोपीय सदस्याने टेबलावर मूठ आपटून, मी दशांशासाठी टिंब कदापि वापरणार नाही, असं जाहीर केलं. तोडगा काढला जोसेफ वेगस्टीन यांनी. त्यांनी भाषेची तीन रूपं मानायला सुचवलं : एक मूळ प्रमाण रूप, एक छापण्याचं आणि एक प्रत्यक्ष यंत्रावरचं. प्रमाण रूप एकच. छापताना आणि यंत्रावर ज्याने त्याने आपली चिन्हं वापरावीत. भांडण टिंबाचं होतं, पण त्यातून मोठी गोष्ट पुढे आली. भाषा वेगळी आणि ती चालवणारं यंत्र वेगळं, हे प्रथमच इतकं स्पष्टपणे मांडलं गेलं.

आता भाषा यंत्रापासून वेगळी करायची, तर ती कागदावर पक्की लिहिली पाहिजे. फोरट्रानमध्ये काय चालतं याबद्दल शंका आली, तर यंत्रावर घालून पाहता येत असे. अल्गोलला घरचं यंत्रच नव्हतं. तिचा शब्द म्हणजे कागदावरचा शब्द. आणि झुरिकच्या मसुद्याची अडचण हीच होती, की तो वाचून प्रत्येकजण आपापला अर्थ काढत होता.

यावर उपाय पुन्हा बॅकस यांनीच शोधला. जून १९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत त्यांनी भाषेचं व्याकरण लिहिण्याची एक चिन्हपद्धती मांडली. तिचा गाभा आपल्या भाषेत असा सांगता येईल : संख्या म्हणजे एक अंक, किंवा आधीच तयार असलेली संख्या आणि तिच्यापुढे आणखी एक अंक. एवढ्या एका वाक्यात जगातल्या सगळ्या पूर्ण संख्या आल्या. पाच ही संख्या, कारण तो अंक आहे. बावन्न ही संख्या, कारण पाचपुढे दोन आहे. अशाच थोड्या नियमांत अख्ख्या भाषेची वाक्यरचना बसवता येते.

मराठी वाचकाला इथे पाणिनीची आठवण होणं स्वाभाविक आहे. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बांधणाऱ्या पाणिनीने सांकेतिक संज्ञा आणि एकमेकांवर उभे राहणारे नियम याच पद्धतीने काम केलं होतं. ही आठवण परदेशातही झाली. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकन संगणक संघटनेच्या मासिकाला पत्र लिहून या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावं, असं सुचवलं. पाणिनीने संगणकाचा शोध लावला असा याचा अर्थ नव्हे, हे आपल्याकडे आवर्जून सांगावं लागतं. अर्थ इतकाच, की भाषा नेमकेपणाने कशी बांधावी हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरं एकमेकांसारखी निघाली.

बॅकस यांच्या निबंधाचं महत्त्व ज्यांनी ओळखलं, त्यांत कोपनहेगनचे पीटर नाउर हे एक. नाउर मूळचे खगोलशास्त्रज्ञ. अल्गोलविषयी युरोपात जी चर्चा चालली होती, तिच्यासाठी ते एक पत्रिका चालवत. त्यांनी कोणी न सांगता बॅकस यांची पद्धत वापरून, तिच्यात थोडी सुधारणा करून, भाषेचा संपूर्ण मसुदा लिहिला आणि जानेवारीत तो घेऊनच ते पॅरिसला गेले. परिषदेने तोच कामाचा पाया म्हणून स्वीकारला आणि नाउर यांना संपादक नेमलं. ज्याने घरून तयारी करून आणली, त्याचाच कागद सभेत पुढे येतो, हा अनुभव आपल्या सोसायटीच्या सभेपासून सगळीकडे सारखाच आहे.

पॅरिसच्या सहा दिवसांत फार दमछाक झाली, असं पर्लिस सांगत. पण जे ठरलं ते टिकाऊ होतं. जॉन मॅकार्थी यांनी सुचवलेली ‘असं असेल तर हे, नाही तर ते’ ही रचना तिथे आली. आजचा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात शिकतो ते ‘इफ-देन-एल्स’ हेच. आज्ञांचे गट करायचे आणि गटातली नावं गटापुरतीच ठेवायची, ही सोयही तिथलीच. शेजारच्या दोन घरांत दोन बाळू असले तरी हाक मारताना घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक घराला आपलाच बाळू माहीत असतो. तसंच हे. हजारो ओळींचा प्रोग्रॅम अनेक माणसांनी मिळून लिहायचा, तर ही सोय लागतेच.

सगळ्यात मोठा पेच मात्र परिषद उठल्यावर निर्माण झाला. प्रश्न असा होता, की एखाद्या कृतीने आपलं काम करताना स्वतःलाच पुन्हा बोलवावं का? उदाहरण घेऊ. परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा बैठक क्रमांकाने लावायचा आहे. एक पेपर उचला. त्याच्याहून लहान क्रमांकाचे डावीकडे, मोठे उजवीकडे ठेवा. आता डावा गठ्ठा लावा आणि उजवा गठ्ठा लावा. कसा लावायचा? याच रीतीने. कृती सांगताना त्याच कृतीचा हवाला दिला, तरी गठ्ठे लहान लहान होत जाऊन काम संपतं.

पॅरिसमध्ये अशा कृतींसाठी खास शब्द ठेवण्याची सूचना आली होती, ती फेटाळली गेली. त्यामुळे हा विषय संपला, असं काहींनी धरलं. त्यांचा विरोध अडाणीपणाचा नव्हता. प्रत्येक कृतीसाठी यंत्राच्या स्मृतीत जागा आधीच राखून ठेवायची, अशी तेव्हाची रीत होती. आणि कृती स्वतःलाच किती वेळा बोलावील हे आधी कळत नाही. स्मृती महाग, यंत्रं संथ. मग हा खर्च कोण सोसणार?

फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या सुमारास कोपनहेगनला नाउर यांना अ‍ॅमस्टरडॅमहून फोन आला. बोलत होते परिषदेचे सदस्य आद्रियान फान वाइनगार्डन, आपले तरुण सहकारी एड्सगर डाइकस्ट्रा यांच्याही वतीने. त्यांचं म्हणणं एवढंच, की कृतीच्या आत तिचंच नाव आलं तर तीच कृती पुन्हा सुरू होते, असं एक वाक्य अहवालात घालावं. सूचनेतलं धाडस आणि साधेपणा नाउर यांना भावला. पुढे वाद होईल हे जाणूनही त्यांनी ते वाक्य घातलं. जर्मनीचे फ्रिडरिक बाउअर यांनी नंतर याला ‘अ‍ॅमस्टरडॅमचा कट’ म्हटलं. यातली गंमत अशी, की कटाच्या यशाला जी युक्ती लागते तिच्यावर बाउअर आणि त्यांचे सहकारी सामेलसन यांनी १९५७ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. ताटांच्या चवडीत शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं, तशी स्मृतीची मांडणी करायची, ही ती युक्ती. त्यांनी ती सूत्रं सोडवण्यासाठी वापरली होती. डाइकस्ट्रा यांनी ती कृतींसाठी वापरली आणि सहकारी झोनेवेल्ड यांच्यासह त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत अल्गोल यंत्रावर चालवून दाखवली.

सभेत न झालेला निर्णय संपादकाने फोनवरून घ्यावा का, हा प्रश्न आजही विचारता येतो. रीतीने पाहिलं तर बाउअर यांची तक्रार रास्त होती. परिणाम मात्र नाउर यांच्या बाजूने बोलतो. १९६१च्या ईस्टरच्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे अल्गोलचा एक वर्ग झाला. शिकवायला नाउर, डाइकस्ट्रा आणि पीटर लँडिन. शिकणाऱ्यांत टोनी होअर नावाचे तरुण होते. क्रम लावण्याची एक झटपट पद्धत त्यांना सुचली होती, पण ती दुसऱ्याला समजावून सांगणं जमत नव्हतं. अल्गोलमधली ती सोय पाहिल्यावर त्यांनी ती सरळ लिहून काढली. मघाशी आपण परीक्षेचे पेपर लावले, ते याच पद्धतीने. ‘क्विकसॉर्ट’ या नावाने ती आजही जगभर शिकवली आणि वापरली जाते.

मे १९६० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पानं अवघी सोळा. विद्वानांनी वाखाणला, बाजाराने मात्र त्याकडे पाठ फिरवली. अमेरिकेत फोरट्रानचंच राज्य राहिलं. आयबीएमचं पाठबळ हे एक कारण. लोकांनी आधीच लिहून ठेवलेले ढीगभर प्रोग्रॅम हे दुसरं. तिसरं कारण अल्गोलच्या पदरातलंच होतं. यंत्रात माहिती घालायची कशी आणि उत्तर छापून घ्यायचं कसं, याबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं. ते ज्या त्या यंत्रावर सोडलं होतं. यंत्रापासून भाषा मुक्त करण्याच्या भरात रोजच्या वापराची बाजू राहून गेली.

पुढचा अध्याय आणखी कटू झाला. अल्गोलची सुधारलेली आवृत्ती करायला बसलेल्या समितीत तट पडले आणि डिसेंबर १९६८ मध्ये डाइकस्ट्रा, होअर यांच्यासह आठ जणांनी विरोधाचं वेगळं टिपण दिलं. भाषा फार अवजड झाली, हा त्यांचा आक्षेप होता. बाहेर पडलेल्या निकलाउस विर्थ यांनी आटोपशीर पास्कल केली. दुसरीकडे केंब्रिज आणि लंडनमधून एक शाखा अमेरिकेत गेली आणि तिच्यातून १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘सी’ आली. ‘सी’तून पुढे ‘सी प्लस प्लस’ आणि जावा. पॅरिसच्या तेरा जणांपैकी पर्लिस, मॅकार्थी, बॅकस आणि नाउर या चौघांना संगणकशास्त्राचा सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नाउर यांना तो २००५ सालचा, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी.

पॅरिसमुळे आणखी एक गोष्ट झाली. संगणकाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरला. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांवरची पहिली परिषद भरली आणि ‘पॉपल’ या लघुनावाने ती परंपरा चालू राहिली. तिचं बेचाळिसावं अधिवेशन १५ ते १७ जानेवारी २०१५ या दिवसांत मुंबईत भरलं. पॅरिसच्या परिषदेला तेव्हा बरोबर पंचावन्न वर्षं होत होती. प्रोग्रॅम आपलं काम बिनचूक करील हे गणिताने सिद्ध कसं करायचं, हा अशा परिषदांमधला एक मोठा विषय असतो. विमानाचं नियंत्रण किंवा बँकेचा व्यवहार ज्या प्रोग्रॅमवर चालतो, त्याच्याबाबत ही चर्चा केवळ पुस्तकी राहत नाही. अशी सिद्धता द्यायची तर आधी भाषेच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ ठरलेला लागतो. आणि तो कुठल्याही यंत्राकडे न पाहता कागदावर ठरवता येतो, हे त्या सोळा पानांनी दाखवून दिलं होतं.