‘वात’ : एका आडनावाची कुळकथा

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आणि भोरच्या हिरडस मावळात भातलावणी सरत आली की घरोघरी निर्गुडीचा पाला तव्यावर तापू लागतो. दिवसदिवस चिखलात कंबरेतून वाकून रोपं लावलेली असतात. काय झालं विचारलं तर उत्तर ठरलेलं : “वात हाय, दुसरं काय!” सत्तरीच्या आजीच्या गुडघ्यांना वात, तिशीतल्या सुनेच्या बोटांना वात, आणि सासऱ्यांचा पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकू लागला तरी तोही वातच.

संस्कृतात वात म्हणजे वारा. शरीरातली हालचाल त्याच्याकडे, असं आयुर्वेद मानतो. म्हणून सांधा धरला की बोट त्याच्याकडेच वळतं. युरोपातही विचार असाच चालला होता. ‘ऱ्हुमॅटिझम’च्या मुळाशी वाहणारा द्रव आहे आणि ‘गाऊट’च्या मुळाशी थेंब. दोन्हीकडच्या वैद्यांना सांध्यात काहीतरी वाहत आल्यासारखं वाटलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण जुन्या ग्रंथकारांनी सगळी सांधेदुखी एका दावणीला बांधली नव्हती. चरकसंहितेतला संधिगत वात वेगळा : त्याची सूज हाताला वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते. वातरक्ताला, म्हणजे गाऊटशी जुळणाऱ्या आजाराला, तर स्वतंत्र अध्याय आहे. त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने ‘माधवनिदाना’त आमवाताला वेगळं प्रकरण दिलं आणि त्याच्या वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा दिली. आमवाताशी बऱ्याच अंशी जुळणाऱ्या आजाराला इंग्लंडमध्ये आल्फ्रेड गॅरड यांनी ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव सुचवलं ते १८५९ साली.

बोलीत मात्र या साऱ्यांचं एकच आडनाव उरलं, आणि ते महागात पडतं. आजीच्या गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असते. सासऱ्यांच्या अंगठ्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचलेले असतात. सुनेच्या बोटांत तिची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते; हाच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आजीला शेकाने आराम पडतो. सुनेचा आजार शेकाने थांबत नाही, तो आतून हाड कुरतडत राहतो. पुणे जिल्ह्यातच, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे सुमारे दोनशे प्रौढांमागे एकाला हा ऱ्हुमॅटॉइड आजार आढळला. म्हणजे आपल्या गावांतही तो आहेच, आणि त्याचा जाच बायकांनाच जास्त.

सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसेल, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या. औषध वेळेत सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात. लावणी उरकेपर्यंत थांबू नका.