सोन्याचा नवा कस

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात सोन्याविषयी चार शब्द लिहावेत, हे ओघानेच आले. मात्र प्रस्तुत लेखात दागिन्यांचे कौतुक नाही, की बाजारभावाची चर्चाही नाही. सोन्याच्या स्वभावाविषयी दीर्घकाळ रूढ असलेला एक समज एका जपानी रसायनशास्त्रज्ञाने कसा बदलला, त्याचा हा अल्पसा इतिहास आहे.

सोने आपणांस मोलाचे वाटते ते बव्हंशी त्याच्या अलिप्तपणामुळे. लोखंड गंजते, तांब्यावर हिरवा थर चढतो, चांदी काळवंडते. सोने मात्र आजीच्या हाती जसे होते तसेच नातीच्या हाती येते. साध्या आम्लांना ते दाद देत नाही. परंतु गृहिणीच्या लेखी जो गुण, तोच रसायनशास्त्रज्ञाच्या लेखी दोष होता. रासायनिक विक्रिया जलद घडवून आणणारा आणि स्वतः मात्र खर्ची न पडणारा जो पदार्थ, त्यास उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम असते. प्लॅटिनम व पॅलेडियम हे धातू या कामी नामांकित. जे सोने कोणाशी बोलतच नाही, ते मध्यस्थी काय करणार, असाच सर्वसाधारण समज होता. १९७३ साली ब्रिटनमध्ये जेफ्री बॉन्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण घडवून दाखविले होते. तथापि तेवढ्याने तो समज ढळला नाही.

तो ढळविला मासाताके हारुता यांनी. त्यांचा जन्म १९४७ सालचा, जपानमधला. क्योतो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत काम करू लागले. ज्वालेवाचून हायड्रोजन जाळता येईल असे उत्प्रेरक शोधणे, हा त्यांच्या तेथील अभ्यासाचा एक विषय होता. निरनिराळ्या धातूंची ऑक्साइडे एकत्र करून पाहावी, त्यांची चाचणी घ्यावी, निष्कर्षांची नोंद करावी, असे हे चिकाटीचे काम. या चाचण्यांच्या ओघात सोन्याची पाळी आली, आणि १९८२ साली अनपेक्षित गोष्ट निदर्शनास आली.

हारुता यांची कृती वरकरणी साधी होती. सोन्याचा व लोहाचा क्षार एकाच पाण्यात विरघळवून ते द्रावण सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात मिसळायचे. खाली बसलेला साका धुऊन, वाळवून सुमारे ४०० अंश सेल्सियसला भाजायचा. यातून लोहाच्या ऑक्साइडावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटलेले राहतात. त्यांचा व्यास पाच नॅनोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या चूर्णावरून कार्बन मोनॉक्साइड व हवा सोडली असता, शून्याखाली ७० अंश इतक्या थंडीतही त्या वायूचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होऊ लागले. १९८७ साली हा शोध 'केमिस्ट्री लेटर्स' या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांचा बळी घेणारा वायू तो हाच. त्याला इतक्या थंडीत निर्विष करणारा पदार्थ सोने निघावा, ही नवलाची गोष्ट खरीच.

हे घडते कसे? एक घन सेंटिमीटर सोने घेतले तर त्याचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच सोन्याचे पाच नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग १,२०० चौरस मीटर होतो. पण केवळ बारीक करून भागत नाही. सोन्याचा कण ज्या ऑक्साइडावर बसतो, ते आसनही योग्य असावे लागते. सोने आणि ऑक्साइड जेथे एकमेकांस भिडतात, त्या काठावरच विक्रियेला वेग येतो, हे हारुता यांनी पुढील संशोधनातून आग्रहाने मांडले. पूर्वीच्या अनेक प्रयोगांत सोन्याचे कण मोठे राहत. म्हणून ते निष्क्रिय भासे.

याच सुमारास, १९८५ साली, दक्षिण आफ्रिकेत काम करीत असलेले ग्रॅहम हचिंग्ज यांनी ॲसिटिलीनपासून व्हिनाइल क्लोराइड बनविण्यासाठी सोने हा उत्तम उत्प्रेरक असल्याचे स्वतंत्रपणे दाखविले. प्लास्टिक उद्योगातील या विक्रियेसाठी पाऱ्याचा विषारी क्षार वापरला जात असे. पाऱ्याने काय अनर्थ होतो, हे मिनामाताच्या कोळ्यांनी भोगलेले आहे. त्याची जागा सोने घेऊ शकते, ही म्हणूनच मोठी आशेची बाब ठरली. जपानमध्ये तर १९९२ पासून हारुता यांच्या पद्धतीचा उत्प्रेरक शौचालयांतील दुर्गंधी नाहीशी करण्यासाठी वापरात आला. देव्हाऱ्यातले सोने शौचकूपात गेले म्हणून कोणी नाक मुरडील. आम्हांस त्यात सोन्याचा सन्मानच दिसतो.

हारुता पुढे टोकियो महानगर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०२२ साली निवर्तले. सरकारी नोकरीत नवे काही घडत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमची हयात त्याच नोकरीत गेली असल्याने, हे चरित्र आम्हांस विशेष जवळचे वाटते.

आणखी एका कारणाने ते या अंकात शोभावे. आपण मराठी कुटुंबे घरापासून दूर, थोडी थोडी विखुरलेली आहोत. भाषा आणि संस्कार तिजोरीतल्या सोन्यासारखे जपून ठेवण्याकडे आपला कल असतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु शेजारच्या घराशी, त्याच्या भाषेशी व सणांशी आपला जो काठ भिडतो, तेथे आपल्या हातून काय घडले, याचाही हिशेब पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर मांडावा, अशी आमची मंडळाच्या सभासदांस नम्र विनंती आहे.