उमेदवाराचा धर्म आणि मतदाराचे मन

मंडळी, आपल्याकडे गावात परका माणूस आला की पारावरची मंडळी त्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कोणतं गाव म्हणायचं?" आणि दुसरा, "कोणाचे तुम्ही?" पहिला प्रश्न साधा आहे. दुसऱ्यात मात्र जात, धर्म, सोयरीक असे सगळेच येते. पाहुणचारापुरते हे विचारले तर त्यात वावगे काही नाही. पण तोच माणूस उद्या राज्य चालवायला निघाला, तर या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला किती मोल द्यायचे? या प्रश्नाला स्वतःचा असा एक इतिहास आहे. तो आपल्या महाराष्ट्रात घडला, दिल्लीत घडला आणि साता समुद्रांपलीकडे अमेरिकेतही घडला. तोच आज आपण थोडक्यात पाहू.

आधी घरचे उदाहरण घेऊ. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, ९ जून १९८० रोजी, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. कोकणात म्हसळा तालुक्यातले आंबेत हे त्यांचे गाव. विलायतेत बॅरिस्टर होऊन आलेला हा कोकणी मुसलमान समाजातला माणूस १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेला होता. महाराष्ट्राला मुसलमान मुख्यमंत्री लाभला तो हा पहिला, आणि आजवरचा एकटाच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अंतुले मुख्यमंत्री झाले ते राज्यातल्या सगळ्या मतदारांनी त्यांच्या नावावर शिक्का मारला म्हणून नव्हे. आपल्या पद्धतीत जनता आमदार निवडते आणि बहुमताचा पक्ष नेता ठरवतो. त्या काळी तो निर्णय दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हाती होता. मग लोकमताची परीक्षा झाली कुठे? ती झाली नंतर, कारभारात.

आपल्या मराठवाड्यापुरते पाहिले तरी त्या कारभाराच्या खुणा दिसतात. १ मे १९८१ रोजी जालना हा नवा जिल्हा झाला. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका गेला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. तोवर बांधाच्या भांडणाचे अपील वर गेले की परभणीच्या शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागे. भाकरी बांधून घ्यायची, रात्रभर गाडीत काढायची आणि तिकडे गेल्यावर कळायचे की तारीख पुढे गेली! तो फेरा आता जवळ आला. १९८० सालीच संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. गावोगावच्या म्हाताऱ्या ज्याला "निराधारचा पगार" म्हणतात, तोच हा. ही योजना काढणारा मुख्यमंत्री कोणत्या धर्माचा होता, हे ती म्हातारी विचारत नाही. पैसे कधी येणार, एवढेच विचारते. आणि खरे सांगायचे तर तिचाच प्रश्न बरोबर आहे.

कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले तेही १९८१ साली, याच मुख्यमंत्र्यांच्या काळात. शिवछत्रपतींची भवानी तलवार विलायतेतून परत आणण्याचा प्रयत्नही त्यांनी जाहीर केला होता. तलवार काही आली नाही, पण चर्चा पुष्कळ झाली. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. थोरल्या समाजातल्या पुढाऱ्याला "महाराजांवर तुझे प्रेम आहे का?" असे कोणी विचारत नाही. ते धरूनच चालतात. धाकट्या समाजातल्या पुढाऱ्याला मात्र ते दाखवावे लागते. त्याची परीक्षा दुहेरी असते. कारभाराचा पेपर तर द्यायचाच, पण त्याआधी आपलेपणाचाही द्यायचा.

पुढे काय झाले? जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. सिमेंटचे वाटप आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध न्यायालयाने जोडला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटल्याचे फेरे वर्षानुवर्षे चालले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला चालवण्याच्या पद्धतीतली आधीची स्वतःचीच चूक दुरुस्त केली. त्या कायद्याच्या बारकाव्यांत आपण शिरू नये. आपल्या प्रश्नापुरते एवढेच पाहावे की ज्या निकालाने खुर्ची गेली, तो सिमेंटविषयी होता, नमाजाविषयी नव्हता. माणूस चढताना धर्म आड येऊ नये, हे आपण म्हणतोच. पण त्याचा हिशेब होताना धर्म मध्ये येऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. "आपला म्हणून सोडा" आणि "परका म्हणून ठोका" या दोन्ही गोष्टी न्यायाच्या वैरी आहेत.

आणि मग मतदारांनी काय केले? कोकणातल्या कुलाबा मतदारसंघात हिंदू मतदार बहुसंख्य. त्यांनी याच माणसाला १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ साली लोकसभेवर धाडले. २००९ साली त्यांना पाडलेही. निवडून देणे आणि पाडणे, दोन्ही इतर पुढाऱ्यांच्या बाबतीत होते तसेच झाले. आमच्या मते लोकशाहीत समानतेची खूण हीच आहे. धाकट्या समाजातल्या माणसाला देव्हाऱ्यातही बसवू नये आणि दाराबाहेरही ठेवू नये.

आता दिल्लीकडे वळू. डॉ. झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद शहरात झाला. तेव्हा आपले परभणीही निजामाच्या त्याच हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे ते एका परीने आपल्याच जुन्या मुलखातले. पेशाने शिक्षक. १९२६ ते १९४८ अशी बावीस वर्षे त्यांनी दिल्लीची जामिया मिलिया सांभाळली. गुरुजनांना आठवत असेल, १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखायला समिती नेमली गेली. त्या समितीचे अध्यक्ष हेच झाकिर हुसेन. चरख्यावर, बागेत, सुतारकामात मुलांचे हात गुंतवून शिकवायचे, ही कल्पना त्यांनी कागदावर उतरवली.

१९५७ साली ते बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ साली उपराष्ट्रपती झाले आणि १९६७ साली राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. वेळ मोठी कठीण होती. त्याच वर्षी काँग्रेसच्या हातून अनेक राज्ये गेली होती. समोर उभे होते न्यायमूर्ती कोका सुब्बा राव, सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीशपद सोडून आलेले नामांकित गृहस्थ. देशाची फाळणी होऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती. अशा वेळी देशभरचे खासदार-आमदार एका मुसलमानाला राष्ट्रपती करतील का? निकाल लागला तेव्हा झाकिर हुसेनांच्या मतांचे मूल्य ४,७१,२४४ भरले आणि सुब्बा राव यांचे ३,६३,९७१. १३ मे १९६७ रोजी त्यांनी शपथ घेतली. दोनच वर्षांनी, ३ मे १९६९ रोजी, पदावर असतानाच ते वारले.

मराठवाड्याच्या माणसाने या घटनेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. रझाकारांचा जुलूम आपल्या वाडवडिलांनी सोसला. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. त्या आठवणी खोट्या नाहीत. परंतु त्याच वर्षी २२ ऑगस्टला हैदराबादेत रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या एका तरुण संपादकाला ठार मारण्यात आले. त्याचे नाव शोएबुल्ला खान. जुलूम करणारे मुसलमान होते, आणि जुलमाविरुद्ध लिहिता लिहिता जीव देणाराही मुसलमान होता. तेव्हा नावावरून माणूस ओळखायला जाल तर फसाल. पुढे १९६२ साली याच मराठवाड्यात औरंगाबादच्या मतदारांनी डॉ. रफिक झकेरिया यांना विधानसभेवर पाठवले. जखम भरायला चौदा वर्षे हा काही मोठा काळ नव्हे.

हे सगळे आपल्याकडेच चालते असे समजू नका. घरोघरी मातीच्याच चुली! अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिले आहे की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट नसावी. पण लोकांच्या मनात ती असतेच. १९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले. ते कॅथलिक, त्यामुळे ते पोपचे ऐकतील अशी हाकाटी झाली, आणि ते पडले. १९६० साली दुसरे कॅथलिक, केनेडी, यांना ह्यूस्टन येथे धर्मोपदेशकांसमोर उभे राहून आपला धर्म राज्यकारभारात येणार नाही असे सांगावे लागले. ते थोडक्या मतांनी जिंकले.

तिकडे मॉर्मन नावाचा एक पंथ आहे. १८३० साली तो निघाला. छळ सोसत त्याचे लोक १८४७ मध्ये पश्चिमेकडे युटाच्या ओसाड मुलखात जाऊन राहिले. एकेकाळी त्यांच्यात बहुपत्नीत्वाची चाल होती, ती १८९० साली मुख्य पंथाने सोडली. तरी लोकांच्या मनात अढी राहिली ती राहिलीच. या पंथाचे जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर होते. तिकडे गव्हर्नर जनतेतून निवडून येतो, आपल्या राज्यपालांसारखा नेमला जात नाही. १९६७ साली ते अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. व्हिएतनामच्या युद्धाविषयी काही बोलून बसले आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी माघार घेतली. त्यांचा मुलगा मिट रॉम्नी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. त्यालाही डिसेंबर २००७ मध्ये आपल्या धर्माविषयी जाहीर भाषण करावे लागले.

आता गंमत पाहा. गॅलप नावाची लोकमत अजमावणारी संस्था तिकडे आहे. १९६७ साली तिने विचारले, "तुमच्या पक्षाने लायक मॉर्मन उमेदवार दिला तर मत द्याल का?" शंभरांतले सतरा म्हणाले, देणार नाही. २०१२ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा अठरा म्हणाले, देणार नाही. पंचेचाळीस वर्षांत अढी तसूभरही हलली नाही! कॅथलिक किंवा कृष्णवर्णी उमेदवाराविषयीचा नकार त्याच काळात पुष्कळ ओसरला होता. पण खरी निवडणूक झाली तेव्हा मिट रॉम्नींना सुमारे ६ कोटी ९ लाख मते पडली. ते हरले, पण शंभरांतली सत्तेचाळीस मते घेऊन हरले. म्हणजे माणूस विचारल्यावर एक सांगतो आणि मतपेटीपाशी गेल्यावर आणखी चार गोष्टी मनात धरतो. पक्ष, पैसा, पोटापाण्याचा प्रश्न, समोरचा उमेदवार, हे सगळे तिथे धर्माच्या शेजारी येऊन बसते.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. राष्ट्रपती होण्यासाठी माणूस भारताचा नागरिक हवा, त्याचे वय पस्तीस पूर्ण हवे आणि तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र हवा. धर्माचा तिथे शब्द नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. उमेदवाराने मागू नये हे ठीक. पण मतदाराने आपल्या मनाशी तसे ठरवले, तर त्याला पकडणारा शिपाई कोठला? तिथे पहारा ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो.

परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. सगळ्या धर्मांची माणसे तिथे जातात, हात जोडतात, मुलांना पाळण्यात बसवतात. ही आपल्या जिल्ह्याची पुण्याई आहे. पण मंडळी, उरुसात खांद्याला खांदा लावणे सोपे. तिजोरीची किल्ली त्याच्या हाती द्यायची वेळ आली म्हणजे मनाची खरी पारख होते. आणि किल्ली दिल्यावर हिशेबही तितकाच चोख मागायचा, हे विसरू नये.

गुरुजी, आपण वर्गात मुलांची मंत्रिमंडळे निवडता. पुढच्या वेळी मुलांना एक करायला सांगा. ज्याला मत द्यायचे त्याचे नाव लिहिण्याआधी त्याने वर्गासाठी केलेले एक काम पाटीवर लिहायचे. ज्याला काम लिहिता येणार नाही, त्याने थोडा विचार करायचा, की मग आपण मत देतो आहोत ते कशाला? आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी पारावर बसताना तेच करावे. "कोणाचे तुम्ही?" हा प्रश्न पाहुण्याला खुशाल विचारा. मत मागायला आलेल्याला मात्र तिसरा प्रश्न विचारा, "काय केलंत आणि काय करणार?"