वादळामागे धावण्याआधी

परवा 'ट्विस्टर' (१९९६) पुन्हा पाहिला आणि डोक्यात किडा वळवळला: वादळांमागे गाडी पळवायचं हे खूळ काढलं कुणी?

अमेरिकेत नॉर्थ डकोटातला डेव्हिड होडली नावाचा तरुण १९५६ पासून वादळं शोधत फिरायचा. तेव्हा मोबाईल नाही, गाडीत रडार नाही. १९७७ मध्ये त्याने 'स्टॉर्म ट्रॅक' हे पत्रक काढलं आणि असे वेडे एकमेकांना सापडू लागले.

साधनं वाढली. धोका मात्र तेवढाच राहिला. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ टोर्नेडोने अचानक वळण घेतलं आणि तो ४.२ किमी रुंद झाला. त्यात टिम समॅरस, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी गेले. आणि समॅरस तर सावध म्हणून ओळखले जायचे!

म्हणून नवशिक्याने पहिल्या खेपेला जाणकारासोबतच जावं. एकाने फक्त गाडी चालवावी, दुसऱ्याने आकाश आणि नकाशा बघावा. परतीचा रस्ता आधी, फोटो नंतर. आणि अंतर ठेवायचं, भरपूर. आमच्या धंद्यात चुकलं तर बॅकअप असतो. तिथे अंतर हाच बॅकअप.