काळज्वराचा काळ : सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

हिवतापाचा विषय निघाला म्हणजे सर रोनाल्ड रॉस यांचे नाव शाळकरी मुलालाही आठवते. परंतु हिवतापाचाच सख्खा भाऊ शोभेल अशा एका रोगावर ज्या भारतीय पुरुषाने औषध सिद्ध केले, त्याचे नाव आमच्या ज्ञातिबांधवांपैकी किती जणांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते. आपल्या प्रांतात काळज्वराचा, म्हणजे काळाआजाराचा, उपद्रव फारसा झाला नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

बंगाल, आसाम व बिहार या प्रांतांत मात्र या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली. ज्वर हटत नाही, पाणथरी वाढून पोट नगाऱ्यासारखे होते, देह झिजतो, वर्ण काळवंडतो; औषधाविना शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी दगावत. पुष्कळ काळ विद्वानही याला हिवतापाचाच एक प्रकार समजत. आसामात चौकशीस गेलेले खुद्द रॉससाहेबही त्याच मताचे झाले होते. पुढे १९०३ साली लीशमन व डोनोव्हन यांनी या रोगाचा निराळा परोपजीवी जंतू उजेडात आणला, तेव्हा त्या दोघांच्या नावांवरून जंतूचे नामकरण रॉस यांनीच केले. थोरांचे थोरपण असेही दिसते.

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ साली बिहारातील जमालपूर येथे झाला. वडील रेल्वेकडे डॉक्टर होते. मुलाने हुगळीच्या कॉलेजातून १८९३ साली गणितात बी. ए. केले, पुढल्याच वर्षी रसायनशास्त्रात एम. ए. केले, आणि मग वैद्यकाकडे मोर्चा वळविला. १९०२ साली एम. डी. आणि १९०४ साली रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधास पीएच. डी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या. रसायनशास्त्र म्हणजे घोकंपट्टीचा विषय, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. कारण पुढील सर्व यश या दोन विद्यांच्या संगमातूनच आले.

१९०५ पासून ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात होते. काळज्वरावर त्या काळी अँटिमनी धातूचे टार्टर एमेटिक हे क्षारऔषध शिरेतून टोचत. रोगी बरे होत, परंतु उपचार महिनोन्‌महिने चाले आणि औषधाच्या विषारीपणाने कित्येक जण अर्ध्यावरच सोडून जात. उपदंशावर जर्मनीत आर्सेनिकची सेंद्रिय संयुगे गुणकारी ठरली होती. आर्सेनिकच्या जागी त्याचाच सगोत्र अँटिमनी घालून पाहावा, हा उपेंद्रनाथांचा विचार होता. ज्या खोलीत हे प्रयोग चालत, तिथे गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, विजेचा दिवाही नव्हता. रात्री रॉकेलच्या कंदिलावर काम चाले. अशा जागी १९२० साली त्यांनी यूरिया स्टिबामाइन हे संयुग तयार केले आणि १९२२ साली रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. महिन्यांचा उपचार थोड्या आठवड्यांवर आला! १९२३ साली शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शॉर्ट यांनीही त्याचा गुण पडताळून पाहिला. तेव्हापासून आसामच्या गावोगावी हेच औषध पोहोचले.

मान मिळाले, तेही पुष्कळ. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, १९३४ साली ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १९३६ साली होळकरांच्या इंदुरात भरलेल्या भारतीय सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. नोबेल मात्र लाभले नाही, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही नाही. आमच्या मते या दोन्ही संस्थांकडून न्याय झाला नाही.

आम्हांस अधिक नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. औषध लागू पडल्यावर पुष्कळजण थांबले असते. उपेंद्रनाथांनी बऱ्या झालेल्या रोग्यांकडेच पुन्हा लक्ष दिले. काहींच्या त्वचेवर फिकट डाग व गाठी उठत, आणि त्यांत तेच जंतू सापडत. १९२२ साली त्यांनी हा त्वचाविकार वर्णिला. वरून धडधाकट दिसणारा असा माणूस रोगाचे बीज गावात टिकवून ठेवू शकतो. म्हणून आजही काळज्वर-निर्मूलनासाठी फिरणारे आरोग्यसेवक ज्वराबरोबर अंगावरचे डागही तपासतात. हे बीज एकाकडून दुसऱ्याकडे नेते ती वाळूमाशी, हे माणसांवरील प्रयोगाने निर्विवाद ठरले ते १९४२ साली. उपेंद्रनाथ त्यानंतर चार वर्षांनी, ६ फेब्रुवारी १९४६ रोजी, निवर्तले.