डायफ्रॅम कार्ब्युरेटर

डायफ्रॅम कार्ब्युरेटर : लहान पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण करणारा, फ्लोट नसलेला कार्ब्युरेटर. यात इंधनाचा पुरवठा एका लवचिक पडद्याच्या (डायफ्रॅमच्या) हालचालीने नियंत्रित होतो. त्यामुळे इंजिन तिरके किंवा पूर्ण उलटे झाले तरी ते चालू राहते. कोकणातील बागांत गवत कापणारा ग्रासकटर, झाडे तोडणारी चेनसॉ आणि पेट्रोलवर धावणारी मोठी रेडिओ-नियंत्रित (आरसी) गाडी या तिन्हींत हाच कार्ब्युरेटर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरसारख्या किनारी गावात त्याची ओळख मुख्यतः ग्रासकटरमुळे आहे. खारी हवा, दीर्घ पावसाळा आणि पेट्रोलमधील इथेनॉल यांमुळे तेथे इंधनाच्या निवडीला विशेष महत्त्व येते.

रचना व कार्य : मोटारसायकलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाटी व तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. वाटी कलंडली की पुरवठा बिघडतो. डायफ्रॅम कार्ब्युरेटरमध्ये वाटी नसते, दोन पडदे असतात. पहिला पंपाचा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमधील दाब पिस्टनबरोबर सतत कमी-जास्त होतो. तो एका बारीक छिद्रातून या पडद्यापर्यंत पोचतो आणि पडद्याच्या हालचालीने टाकीतील इंधन वर ओढले जाते. दुसरा पडदा मोजमापाचा. हवेच्या मार्गातील अरुंद भागात, म्हणजे व्हेंचुरीत, हवा वेगाने वाहू लागली की दाब घटतो. पडदा आत ओढला जातो, लहान तरफेने सुई उचलतो आणि लागेल तेवढे इंधन आत सोडतो.

बाहेरून तीन स्क्रू दिसतात. ‘एल’ स्क्रू मंद गतीचे इंधन ठरवतो, ‘एच’ स्क्रू पूर्ण वेगाचे, तर तिसरा आयडलिंगची गती. मिश्रणात इंधन कमी पडले तर त्याला ‘लीन’ आणि जास्त झाले तर ‘रिच’ म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. म्हणून लीन मिश्रणात उष्णता वाढते आणि त्याच वेळी तेलही घटते. पिस्टन जाम होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आरसी गाड्यांतील वापर : आरसी गाड्यांची इंजिने दोन प्रकारची असतात. लहान नायट्रो गाड्या मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चालतात. त्यांच्या ग्लो प्लगमधील प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्कात तापलेली राहते. पेट्रोलवर ही क्रिया होत नाही, म्हणून नायट्रो इंजिनात नुसते पेट्रोल ओतून भागत नाही. मोठ्या, म्हणजे मूळ वाहनाच्या एक-पंचमांश आकाराच्या गाड्यांत स्पार्क प्लगचे पेट्रोल इंजिन असते. जपानच्या झेनोआ कंपनीची या वर्गातील इंजिने प्रसिद्ध आहेत. जी२३०आरसी हे त्यांपैकी २२.५ घन सेंमी क्षमतेचे. त्यांवर बहुधा वॉलब्रो कंपनीचा डब्ल्यूटी मालिकेतील डायफ्रॅम कार्ब्युरेटर बसवलेला असतो. ही इंजिने ग्रासकटर व चेनसॉच्या इंजिनांच्याच कुळातील आहेत. उड्या मारत, उलटत धावणाऱ्या गाडीला आणि उतारावर तिरक्या चालणाऱ्या ग्रासकटरला एकच गुण हवा असतो : कोणत्याही स्थितीत अखंड पुरवठा.

इंधनाची निवड : प्रत्येक इंधनाला पूर्ण ज्वलनासाठी लागणारी हवा वेगळी असते. वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग, इथेनॉलला ९ भाग, तर मिथेनॉलला साधारण ६.५ भाग हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक द्यावे लागते. पेट्रोलचा कार्ब्युरेटर त्यामुळे मिथेनॉलवर चालत नाही.

भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे (ई-२०) पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. ई-२० साठी हवेचे प्रमाण सुमारे १३.५ होते. म्हणून शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर ई-२० वर आठ-नऊ टक्के लीन होतो. इंधन-इंजेक्शनच्या मोटारसायकलीत ही भरपाई संगणक करतो, इथे ती माणसाने ‘एच’ स्क्रू किंचित सैल करून करावी लागते. हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरच्या अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. जुन्या यंत्रांतील रबरी पडदे व नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. यंत्र घेताना ही मर्यादा विचारून घेणे आवश्यक आहे.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि तेल बहुतांशी वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील नळीच्या टोकाचा जड फिल्टर नेमका तळाशी लोळत असल्यामुळे इंजिन प्रथम हा तेलविरहित थर ओढते. वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात, अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलेले पेट्रोल या कारणाने घातक ठरते.

ऑक्टेन अंक वाढवला की ताकद वाढते, हा समज चुकीचा आहे. ऑक्टेन अंक इंधनाचा ठोका (नॉकिंग) रोखण्याचा गुण सांगतो. मूळ कॉम्प्रेशन कायम असलेल्या लहान इंजिनाला पुस्तिकेत सांगितलेले साधे, ताजे पेट्रोल पुरते. कॉम्प्रेशन वाढवलेल्या स्पर्धेच्या इंजिनालाच उच्च ऑक्टेनचा उपयोग होतो. रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी असल्याने त्याची भेसळ या इंजिनांत ठोका व काजळी निर्माण करते.

तेलाचे प्रमाण : १ लिटर पेट्रोलमध्ये ४० मिली तेल म्हणजे २५:१, तर २० मिली म्हणजे ५०:१. आरसी गाड्यांच्या सतत उच्च वेगात चालणाऱ्या इंजिनांसाठी २५:१ ते ३२:१ प्रमाण प्रचलित आहे; आधुनिक ग्रासकटरसाठी चांगल्या तेलासह ५०:१ चालते. अंतिम शब्द पुस्तिकेचाच. तेल जास्त घातले म्हणजे इंजिन अधिक सुरक्षित, असेही नाही. तेल वाढले की तेवढ्या इंधनातील पेट्रोल घटते आणि मिश्रण थोडे लीन होते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे तेल वापरावे. किनाऱ्यावर होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी मिळणारे टीसी-डब्ल्यू३ तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांकरिता असते. तेही टू-स्ट्रोकचेच असल्याने गल्लत होते, पण ग्रासकटरच्या तप्त सिलिंडरला ते पुरत नाही.

जुळणी : जुळणी नेहमी ताज्या इंधनावर, स्वच्छ एअर फिल्टर बसवून व इंजिन गरम झाल्यावर करतात. ‘एल’ व ‘एच’ हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून साधारण एक ते सव्वा फेरा उघडणे ही सुरुवातीची स्थिती. जोर लावून बंद केल्यास सुईचे टोक खराब होते. ‘एल’ स्क्रूने आयडलिंग जास्तीत जास्त स्थिर करून तो एक-अष्टमांश फेरा उघडतात. नंतर ‘एच’ स्क्रू प्रत्यक्ष भाराखाली पारखतात. मोकळ्या पूर्ण वेगात किंचित अडखळणारा आणि भार येताच साफ होणारा आवाज योग्य समजला जातो. तीक्ष्ण किंचाळणारा आवाज व थ्रॉटल सोडल्यावर उशिरा उतरणारा वेग ही लीन मिश्रणाची खूण. स्पार्क प्लग तपकिरी असावा. पांढरा प्लग लीन, तर काळा-ओला प्लग रिच मिश्रण दाखवतो.

उंचीचाही परिणाम होतो. पुण्यात, सुमारे ५६० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाच टक्के विरळ असते. तेथे जुळवलेले यंत्र वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर आणले की दाट हवेमुळे मिश्रण थोडे लीन होते. घाटावरून आलेल्या आरसी गाडीचा ‘एच’ स्क्रू म्हणूनच पहिल्या धावेआधी पुन्हा तपासावा.

फेरबदल : आरसी छंदात मोठ्या व्हेंचुरीचा कार्ब्युरेटर, वाढीव हवामार्ग, हलकी स्प्रिंग आणि ट्यून केलेला सायलेन्सर हे नेहमीचे फेरबदल आहेत. व्हेंचुरी मोठी केल्याने उच्च वेगात हवा अधिक मिळते, मात्र कमी वेगात हवेचा वेग घटून ओढ मंदावते. सायलेन्सर बदलला तर ‘एच’ स्क्रूची जुळणी पुन्हा करावी लागते. मोजमापाच्या पडद्याची तरफ वर वाकवल्यास मिश्रण रिच व खाली वाकवल्यास लीन होते. हा फरक मिलिमीटरच्या अंशांत असतो. इंधनाचे छिद्र (जेट) ड्रिलने मोठे करणे मात्र टाळावे, कारण ते पूर्ववत करता येत नाही. दिवसभर भाराखाली चालणाऱ्या ग्रासकटरला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्याच्या बहुतेक तक्रारी नवा डायफ्रॅम संच, नवा इंधन फिल्टर व ताजे मिश्रण यांनी दूर होतात.

कोकणातील निगा : गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे शिवमंदिर व समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध गाव आहे. या परिसरातील आंबा-काजूच्या बागांत बेणणीचे मोठे काम पावसाळ्यात व पावसानंतर असते. वाळलेले गवत राहिले तर पुढे वणव्याचा धोका वाढतो. हंगाम संपल्यावर ग्रासकटर महिनोन्महिने पडून राहतो आणि त्याच काळात कार्ब्युरेटर खराब होतो. ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मिश्रण महिनाभर पुरेल एवढेच, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये करावे. खाऱ्या हवेत थ्रॉटलची वायर व दांडी गंजतात, त्यांना तेलाचे बोट लावावे. पुळणीवर आरसी गाडी चालवताना तेल लावलेला फोमचा फिल्टर अनिवार्य आहे. वाळूचा कण सिलिंडर कायमचा ओरबाडतो.

गावात २०१२ पासून विद्या प्रसारक मंडळ, ठाणे या संस्थेचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि दापोलीला १९७२ मध्ये स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. बागायतदार आणि तरुण छंदिष्ट यांना लहान इंजिनांची दुरुस्ती एकत्र शिकवता येईल अशी ही ठिकाणे आहेत, आणि तसे व्हायला हवे.

सुरक्षितता : मिश्रण उघड्यावर, आगीपासून दूर व इंजिन थंड असताना भरावे. सायलेन्सरमधील ठिणगीरोधक जाळी फेरबदलाच्या नावाखाली काढू नये. सुक्या गवतात तिचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक यंत्राच्या डब्यावर कोणते पेट्रोल, किती तेल आणि दोन्ही स्क्रू किती फेरे, याची नोंद ठेवावी. इंधन बदलले की ती नोंद बदलावी, म्हणजे यंत्र कोणाच्याही हाती गेले तरी जुळणी अंदाजावर राहत नाही.